पाथ जोडताना गट नंबरातला स्लॅश आडवा आला, रावेरहून मदत हवी आहे

सुकीकाठ (शनिवार, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी. मी रावेर तालुक्यातला. घरची केळी आहे, आणि गावातल्या एका शेतकरी गटाचं कागदपत्रांचं काम माझ्याकडे असतं. प्रत्येक शेतकऱ्याचे पाच कागद: सातबारा, आठ-अ, आधार, पासबुकाचं पहिलं पान आणि बागेचा फोटो. साधारण साडेचारशे शेतकरी. स्कॅनर सगळं एकाच फोल्डरमध्ये टाकतो. ते हातानं लावायला आठवडा जातो, म्हणून पायथन शिकून एक स्क्रिप्ट लिहिली. एक्सेलमधून तालुका, गाव, गट नंबर घ्यायचा आणि अशी जागा तयार करून कागद तिथे कॉपी करायचे:

डी:\तालुका\गाव\गट नंबर\सातबारा.पीडीएफ

तालुक्यांच्या फोल्डरांची नावं मी इंग्रजी स्पेलिंगमध्ये, छोट्या लिपीत ठेवलीत. पूर्ण पाथ, म्हणजे फोल्डरचा संगणकावरचा पत्ता, कोडमध्येच टाइप केलेत, प्रत्येक तालुक्याला एक ओळ. पुढचे भाग पायथनचं ओएस.पाथ.जॉइन हे फंक्शन वापरून जोडतो.

दोन अडचणी आहेत.

पहिली: धुळ्याच्या एका नातेवाइकासाठी हीच स्क्रिप्ट आधी चालवली होती. धुळे, साक्री, शिरपूर, शिंदखेडा, चारही तालुके विनातक्रार झाले. आमच्याकडे यावल, चोपडा, मुक्ताईनगर चालतात, पण रावेर, भुसावळ आणि बोदवड यांना 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' अशी एरर येते. स्पेलिंग दहा वेळा तपासलं. शेवटी त्या तीन ओळींत उलट्या स्लॅशऐवजी सरळ स्लॅश टाकला तर चाललं. का चाललं ते कळलं नाही.

दुसरी गंभीर आहे. स्क्रिप्ट एकही एरर न देता संपली, पण मोजलं तर ३८ शेतकऱ्यांचे पाचही कागद जागेवर नाहीत. डी ड्राइव्हमध्ये अगदी वरच्या पातळीवर १, २, ३, ४ अशी चार फोल्डरं तयार झालीत. प्रत्येकात पाचच कागद, तेही एकाच शेतकऱ्याचे. बाकीचे गेले कुठे? मूळ स्कॅन माझ्याकडे आहेत, त्यामुळे नुकसान भरून निघेल. पण गुरुवारी कागद पोहोचवायचे आहेत, आणि असं पुन्हा झालं तर एखाद्या शेतकऱ्याचा कागद राहून जाईल.

लळिंग (शनिवार, रात्री ९:४२)

हाई ते मनासंगे बी व्हयेल शे भाऊ. पहिल्या अडचणीचं उत्तर माझ्याकडे आहे, पूर्ण सांगतो.

पायथनच्या साध्या स्ट्रिंगमध्ये, म्हणजे अवतरणात लिहिलेल्या मजकुरात, उलटा स्लॅश हे नुसतं चिन्ह नसतं. त्याच्या पुढचं अक्षर बघून तो अर्थ बदलतो. पुढे छोटा 'एन' आला की नवी ओळ, 'टी' आला की टॅब, 'आर' आला की कॅरेज रिटर्न, 'बी' म्हणजे बॅकस्पेस, 'ए' म्हणजे घंटी, 'एफ' म्हणजे फॉर्म फीड, 'व्ही' म्हणजे व्हर्टिकल टॅब. आता आपल्या खान्देशातली गावं इंग्रजी स्पेलिंगमध्ये डोळ्यांसमोर आणा. रावेरचा आर, भुसावळ, बोदवड आणि भडगावचा बी, अमळनेरचा ए, नंदुरबार आणि नवापूरचा एन, तळोद्याचा टी, अक्कलकुव्याचा ए. जळगावचे १५, धुळ्याचे ४ आणि नंदुरबारचे ६ मिळून २५ तालुके, त्यातले निदान ९ थेट या यादीत सापडतात. फैजपूर आणि वरणगाव तालुके नाहीत म्हणून सुटले, नाहीतर एफ आणि व्हीसुद्धा आले असते.

धुळ्याच्या चार तालुक्यांची सुरुवात डी आणि एस ने होते. त्या अक्षरांना पायथनमध्ये खास अर्थ नाही, म्हणून तिथे उलटा स्लॅश तसाच राहतो. तुमची चाचणी नेमकी त्या जिल्ह्यावर झाली जिथे ही चूक दिसणारच नव्हती.

म्हणजे तुम्ही 'डी:\रावेर' लिहिलंत, पण संगणकापर्यंत 'डी:', मग एक कॅरेज रिटर्न आणि पुढे 'आवेर' एवढं पोहोचलं. अशी नियंत्रण-चिन्हं विंडोज फाइलच्या नावात घेत नाही, म्हणून एरर. लिनक्सवर असतात तर एररही आली नसती, विचित्र नावाचं फोल्डर मुकाट्यानं तयार झालं असतं.

आणखी एक. नंदुरबारचा एन मोठ्या लिपीत लिहिलात तर नवी ओळ येत नाही, स्क्रिप्ट सुरूच होत नाही, कारण उलटा स्लॅश आणि मोठा 'एन' हे युनिकोड अक्षर नावानं मागवायचं चिन्ह आहे. मोठ्या 'यू' चंही तसंच. 'सी:\यूजर्स' लिहून अडकलेले लोक त्यामुळेच सगळीकडे भेटतात.

उपाय: स्ट्रिंगच्या आधी 'आर' लावून रॉ स्ट्रिंग करा (तिच्यात उलटा स्लॅश तसाच राहतो), नाहीतर सरळ स्लॅश वापरा. विंडोजला फाइल उघडताना सरळ स्लॅशही चालतो. रॉ स्ट्रिंगची एक अट आहे, तिच्या शेवटी एकटा उलटा स्लॅश ठेवता येत नाही.

जंक्शन (शनिवार, रात्री ९:५५)

भुसावळचा बी बॅकस्पेस होतो हे मला आज कळलं. आमच्या कार्यालयातल्या स्क्रिप्टमध्ये गेली दोन वर्षं फक्त भुसावळपुरती वेगळी ओळ का लिहून ठेवलीय, याचा आता उलगडा झाला. लिहिणाऱ्यालाही कारण माहीत नव्हतं. लळिंगभाऊ, मनापासून आभार.

गिरणाकाठ (शनिवार, रात्री १०:२०)

सुकीकाठ, दुसऱ्या अडचणीसाठी एक प्रश्न. एक्सेलमध्ये गट नंबरच्या रकान्यात कुठे नुसतं '/२' असं लिहिलंय का? म्हणजे वरच्या ओळीत '१२५/१', आणि खाली पुन्हा १२५ न लिहिता फक्त '/२', '/३'?

सुकीकाठ (शनिवार, रात्री १०:३१)

हो! बऱ्याच ठिकाणी. यादी करणारे काका वहीत लिहितात तसंच भरतात. तुम्हाला कसं कळलं?

गिरणाकाठ (शनिवार, रात्री ११:०५)

डी ड्राइव्हवरच्या त्या चार फोल्डरांवरून.

ओएस.पाथ.जॉइन तुकडे नुसते एकाला एक चिकटवत नाही. तो प्रत्येक तुकडा 'आता इथून पुढे कुठे जायचं' या अर्थानं वाचतो. तुकडा स्लॅशने सुरू झाला की त्याचा अर्थ 'मुळापासून', मग आधीचं सगळं टाकून तो नव्यानं सुरुवात करतो. विंडोजवर फक्त ड्राइव्हचं अक्षर शिल्लक राहतं. म्हणून 'डी:\रावेर', गाव आणि '/२' जोडले की उत्तर 'डी:/२' येतं. तालुकाही गेला, गावही गेलं. मग '/२' लिहिलेला प्रत्येक शेतकरी त्याच एका फोल्डरमध्ये आला, आणि प्रत्येकाचा सातबारा आधीच्यावर चढला. कॉपी करणारं फंक्शन विचारत नाही, आहे त्या फाइलवर लिहून मोकळं होतं. तुमचे ३८ शेतकरी त्या चार फोल्डरांत एकमेकांखाली गाडले गेले. जे दिसतात ते शेवटचे चार.

हा पायथनचा दोष नाही. कमांड प्रॉम्प्टवर फोल्डर बदलत गेलात आणि मध्येच मुळापासूनचा पाथ दिलात तर तिथेही असंच होतं. तुकडे म्हणजे पावलं, असा तो विचार आहे. पण प्रत्येक भाषेनं हाच विचार धरलेला नाही, म्हणून माणूस फसतो. सी शार्पचं पाथ.कंबाइन पायथनसारखंच आधीचं टाकून देतं. पुढे डॉट नेट कोअर २.१ मध्ये पाथ.जॉइन वेगळं आलं, ते टाकत नाही, जोडतं. नोडमध्ये जॉइन सरळ जोडतं आणि रिझॉल्व्ह टाकून देतं. रस्टमध्ये जॉइन म्हणायचं, पण मुळापासूनचा तुकडा आला की तो आधीचं पुसतो. शब्द सगळीकडे 'जॉइन', वागणं वेगवेगळं. नवी भाषा हातात घेतली की मी आधी एकच गोष्ट तपासतो, दुसरा तुकडा स्लॅशने सुरू केला तर काय होतं.

आणि जिथे पूर्ण '१२५/२' लिहिलंय तिथलं बघितलंत का? तिथे १२५ नावाचं फोल्डर आणि त्याच्या पोटात २ असं झालं असणार.

सुकीकाठ (शनिवार, रात्री ११:१२)

तसंच झालंय. मी त्याकडे लक्षच दिलं नव्हतं, कारण कागद सापडत होते. काही १२५ मध्ये कागदही आहेत आणि आत २, ३ ही फोल्डरंही.

वाघूर (रविवार, सकाळी ७:५०)

मी महसुलाच्या कागदांचं काम केलंय, त्यामुळे थोडं कोडच्या बाहेरचं लिहिते.

भाऊ, '७/१२' या नावातच स्लॅश आहे, गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२. आपल्याकडच्या कागदांत स्लॅश सगळीकडे असतो, गट आणि पोटहिस्सा, तारीख, जावक क्रमांक. कागदावर तो विभागणी दाखवतो, संगणकावर तो फोल्डरची हद्द आखतो. एकाच चिन्हाला दोन कामं. म्हणून एक्सेलच्या रकान्यात जे आहे ते पाथचा एक तुकडा आहे असं गृहीत धरायचंच नाही. तो तुकडा आपण तयार करायचा.

याहून मोठी गोष्ट म्हणजे गट नंबर ही शेतकऱ्याची ओळख नाहीच. एका गटात चार खातेदार असू शकतात, भावाभावांच्या जमिनीत तर असतातच. तुमच्या रचनेत स्लॅशची अडचण सुटली तरी त्या चौघांचं 'आधार.पीडीएफ' एकाच फोल्डरमध्ये एकमेकांवर लिहिलं जाईल. तुमच्या ३८ मध्ये हे आलेच नसतील, कारण तिथे फोल्डर जागेवर दिसतं, फक्त माणसं कमी असतात. एकदा फोल्डर न मोजता शेतकरी मोजून बघा.

त्यापेक्षा आठ-अ वरचा खाते क्रमांक घ्या. एका गावात एका खात्याचे सगळे गट आठ-अ वर एकत्र दिसतात. सामाईक खातं असेल तर त्याला जोडून तुमच्या गटातला सभासद क्रमांक लावा. सातबारे एकाहून जास्त असतील तर ते फोल्डरच्या आत राहू द्या, गट नंबर फाइलच्या नावात जाईल.

सुकीकाठ (रविवार, सकाळी ८:४०)

ताई, मोजलं. तुम्ही म्हणालात तसंच आहे. आणखी २३ जण एकाच गटातले, त्यांचे कागद एकमेकांवर गेलेत. हे मला गुरुवारी कागद पोहोचवल्यावरच कळलं असतं. शेतकऱ्याला तर त्याहून उशिरा.

खाते क्रमांक सगळ्यांचा आहे. आजच रकाना वाढवतो.

तोरणमाळ (रविवार, सकाळी ९:१५)

गट नंबर फाइलच्या नावात टाकताना स्लॅशच्या जागी काय ठेवायचं ते आधीच ठरवा. मी हायफन ठेवत होतो. मग एका यादीत '१२५/२' आणि '१२५-२' अशा दोन्ही नोंदी निघाल्या, एकाच गावातल्या. दोन्हींची फाइल एकच झाली.

एका ओळखीच्यानं युनिकोडमधला स्लॅशसारखा दिसणारा भागाकाराचा तिरका दंड वापरला होता. फाइलच्या नावात तो चालतो आणि दिसायला हुबेहूब '१२५/२'. मला तेव्हा फार आवडलं होतं.

गिरणाकाठ (रविवार, सकाळी ९:४०)

तोरणमाळ, ते करू नका, कळकळीनं सांगतो. दिसतं सारखं, पण शोधताना कीबोर्डवरचा स्लॅश टाइप केला की फाइल सापडत नाही. दुसरा माणूस पाथ बघून आत फोल्डर आहे समजतो. डोळ्यांना फसवणारं चिन्ह दस्तऐवजाच्या नावात नको.

परत मूळ नाव काढता येईल असा बदल हवा. वेबच्या पत्त्यात स्लॅशच्या जागी टक्का-दोन-एफ लिहितात तसं. ते वाचायला त्रासाचं वाटत असेल तर 'पो' हे अक्षर घ्या, '१२५पो२', म्हणजे पोटहिस्सा. तलाठी कार्यालयातला माणूसही वाचेल. आणि जागेवर फाइल आधीच असेल तर लिहू नका, थांबा आणि ओरडा. हा नियम कुठल्याही चिन्हापेक्षा महत्त्वाचा.

वाघूर (रविवार, सकाळी १०:०५)

'पो' आवडला. फक्त गट नंबरात खरोखरच अक्षरं असतात ('१२५/२/अ'), तेव्हा 'पो' कुठे आधीच लिहिलेला नाही ना हे एकदा यादीत शोधून घ्या.

लळिंग (रविवार, सकाळी १०:३०)

एक्सेलबद्दल एक राहिलं. रकाना 'टेक्स्ट' केलेला नसेल तर '५/३' टाइप केल्यावर एक्सेल त्याची तारीख करतं. ५ मार्च. पायथन ती तारीख म्हणून वाचतो, तिची स्ट्रिंग करताना वेळही लागते आणि त्यात कोलन येतो. विंडोजला फाइलच्या नावात कोलन चालत नाही. आणि ही सुदैवाची गोष्ट आहे, कारण निदान एरर येते. गट नंबर ५/३ ची '५ मार्च' झालेली नोंद मी बँकेच्या कागदापर्यंत गेलेली पाहिली आहे.

जंक्शन (रविवार, दुपारी १:२०)

थोडं विषयाला धरून आणि थोडं बाजूला. हा उलटा-सरळ स्लॅशचा घोळ मुळात आला कुठून? कोणी जुनं माणूस सांगू शकेल?

पाटणकाठ (रविवार, दुपारी २:४५)

मी चाळीसगावकडचा. १९९० च्या आसपास डॉसवर काम सुरू केलं, त्यामुळे यातला थोडा भाग हाताखालून गेलेला आहे.

१९८१ ला डॉसची पहिली आवृत्ती आली तेव्हा तिच्यात फोल्डर हा प्रकारच नव्हता. एका फ्लॉपीवरच्या सगळ्या फाइली एकाच पातळीवर. पाथ जोडायचा प्रश्नच नव्हता. पण सरळ स्लॅश तेव्हाच एका कामाला लागलेला होता, कमांडला पर्याय सांगायला. यादी रुंद हवी असेल तर 'डिर' पुढे स्लॅश आणि 'डब्ल्यू'. १९८३ ला दुसरी आवृत्ती आली, हार्ड डिस्क आली, आणि युनिक्ससारखी फोल्डरात फोल्डर ही सोय आली. युनिक्समध्ये भाग वेगळे करायला सरळ स्लॅश. इथे तो अडकलेला. पर्यायांचं चिन्ह बदललं असतं तर लोकांच्या जुन्या कमांड मोडल्या असत्या, म्हणून फोल्डरांसाठी उलटा स्लॅश घेतला.

तो उलटा स्लॅश सी भाषेत आधीपासून 'पुढच्या अक्षराचा खास अर्थ' यासाठी वापरात होता, आणि पायथनसह पुढच्या बहुतेक भाषांनी तो तिथूनच उचलला. म्हणून रावेरचा आर फुटतो. दोन वेगळ्या घरांतल्या दोन वेगळ्या निर्णयांची गाठ सुकीकाठ यांच्या स्क्रिप्टमध्ये पडली.

आतून विंडोज आजही बहुतेक ठिकाणी दोन्ही स्लॅश घेतं. ज्याला सरळ स्लॅश पर्याय वाटतो ती कमांड प्रॉम्प्टची जुनी मंडळी. फक्त पाथच्या सुरुवातीला दोन उलटे स्लॅश, प्रश्नचिन्ह आणि आणखी एक उलटा स्लॅश असा उपसर्ग लावला तर विंडोज काहीच दुरुस्त करत नाही, तिथे उलटाच लागतो. हा उपसर्ग २६० चिन्हांची जुनी मर्यादा ओलांडायला वापरतात.

जुन्या लोकांचा आणखी एक अनुभव. सी-ओ-एन, पी-आर-एन, ए-यू-एक्स, एन-यू-एल ही नावं विंडोजमध्ये फाइलला देता येत नाहीत, डॉसच्या काळापासून ती उपकरणांसाठी राखीव आहेत. शेतकऱ्याच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरं घेऊन फाइल करणार असाल तर हे लक्षात ठेवा.

सुकीकाठ (रविवार, रात्री ८:३०)

पाटणकाठ काका, हे मी दोनदा वाचलं. 'का' कळलं की कोड लक्षात राहतो.

आज स्क्रिप्ट पुन्हा लिहिली. पाथलिब हे पायथनचं पाथ हाताळायचं मॉड्यूल घेतलं. आता पाथ स्ट्रिंगनं जोडतच नाही:

मूळ / तालुका / गाव / खाते / फाइलनाव

यातला स्लॅश भागाकाराचं चिन्ह आहे, पाथलिबनं त्याला जोडणीचा अर्थ दिलाय. वाचताना पाथच वाटतो. पण करून बघितलं, '/२' दिलं तर हाही आधीचं टाकून देतोच. म्हणून प्रत्येक तुकडा आधी एका छोट्या फंक्शनमधून जातो. रिकामा असेल तर नाही. नुसता एक टिंब किंवा दोन टिंब असेल तर नाही. दोन्हीपैकी कुठलाही स्लॅश, कोलन, तारा, प्रश्नचिन्ह, अवतरण, उभा दंड, कोनी कंस, यातलं काही असेल तर नाही. 'नाही' म्हणजे स्वतःहून दुरुस्त करत नाही, एक्सेलच्या ओळीचा नंबर सांगून थांबतो. काका ती ओळ दुरुस्त करतात.

काही राहिलंय का?

तोरणमाळ (रविवार, रात्री ९:००)

शेवटचं टिंब राहिलं. आपण 'रावेर ता.' किंवा 'जळगाव जि.' असं लिहितो. फोल्डरच्या नावाच्या शेवटी टिंब किंवा रिकामी जागा असेल तर विंडोज ती गाळून टाकतं. तुमच्या कोडमध्ये नाव 'ता.' असं, डिस्कवर 'ता'. नंतर दोन याद्या जुळवल्या की एक तालुका सापडत नाही.

अरुणावती (रविवार, रात्री १०:१५)

मी शिरपूरची. आमच्याकडे फोल्डरांची नावंच मराठीत आहेत, त्यामुळे माझा अनुभव उपयोगी पडेल.

'शेतकऱ्यांची यादी' या नावाची दोन फोल्डरं एकाच जागी दिसत होती. अक्षरात फरक नाही, रिकामी जागा नाही. दोन दिवस मी स्वतःला वेड लागलंय का विचारत होते. कारण त्या 'ऱ्या' मध्ये होतं. तो तीन प्रकारे टाइप होतो. एक, युनिकोडमध्ये स्वतंत्र असलेलं ऱ आणि हलन्त. दोन, साधा र, त्याखाली नुक्ता, मग हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारं जोडचिन्ह, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात. कुठल्या कीबोर्डनं टाइप केलं त्यावर ठरतं. पडद्यावर तिन्ही सारखे, विंडोज आणि लिनक्ससाठी तीन वेगळी नावं.

पहिले दोन एक करायला पायथनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलचं नॉर्मलाइझ वापरा, 'एनएफसी' या रूपात. तिसरा त्यानं सुटत नाही, तो स्वतः बदलावा लागतो. र, हलन्त, झेडडब्ल्यूजे दिसलं की ऱ आणि हलन्त करा. मी हे तुकडा तपासायच्या फंक्शनमध्ये सगळ्यात आधी ठेवलंय.

आणि लांबी. लिनक्सवर चालणाऱ्या नॅस पेटीवर (नेटवर्कवरून वापरायच्या साठवणीवर) एका नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजून. 'रावेर' दिसायला तीन अक्षरं, पण ५ चिन्हं, १५ बाइट. 'मुक्ताईनगर' ३० बाइट. म्हणजे नावात जास्तीत जास्त ८५ चिन्हं. शेतकऱ्याचं पूर्ण नाव, गाव, गट, कागदाचा प्रकार असं सगळं एका फाइलच्या नावात घातलं की ८५ सहज संपतात. विंडोजच्या संगणकावर तयार झालेली फाइल नॅसवर कॉपी होत नव्हती, त्याचं कारण हे निघालं.

वाघूर (सोमवार, सकाळी ७:३०)

अरुणावती, अगदी. त्यात गावांची नावं दोन-तीन प्रकारे लिहिली जातात ते वेगळंच. 'धरणगाव' आणि 'धरणगांव', 'नंदुरबार' आणि 'नंदूरबार'. जुन्या कागदांवर अजून 'एदलाबाद' असतं, आता ते मुक्ताईनगर. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, त्याआधीच्या शहाद्याच्या कागदावर जिल्हा धुळे. नाव पाथमध्ये गेलं की नाव बदलल्यावर पाथ मोडतो.

म्हणून माझ्या मते फोल्डरला गावाचं नाव नकोच. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी कोड दिलेला आहे, तो वापरा. नाव एक्सेलमध्ये राहू द्या.

सुकीकाठ (सोमवार, सकाळी ८:१०)

ताई, इथे माझं थोडं वेगळं मत आहे. हे फोल्डर मी एकटा उघडत नाही. गटाचे अध्यक्ष उघडतात, ते सत्तरीचे आहेत. त्यांना सहा आकड्यांवरून गाव ओळखता येणार नाही. कोणी शेतकरी दारात उभा असला की त्यांना त्याच मिनिटाला कागद काढून द्यायचा असतो.

वाघूर (सोमवार, सकाळी ८:४५)

हे मला मान्य आहे. मी संगणकापुरताच विचार केला. मग आधी कोड आणि पुढे नाव, '५२xxxx_निंभोरा' असं? कोडनं ओळख पक्की, नावानं डोळ्यांची सोय. स्क्रिप्टनं फोल्डर शोधताना फक्त कोड बघायचा. नाव कोणी बदललं तरी चालेल.

सुकीकाठ (सोमवार, सकाळी ८:५०)

हे झालंच म्हणून समजा.

गिरणाकाठ (सोमवार, दुपारी १२:१५)

दोन गोष्टी सांगून थांबतो.

एक. स्क्रिप्ट हातानं न चालवता टास्क शेड्युलरला (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीला) लावणार असाल तर मूळ पाथ पूर्ण द्या. अर्धा पाथ स्क्रिप्ट जिथे आहे तिथून मोजला जात नाही, ती जिथून सुरू केली गेली तिथून मोजला जातो. शेड्युलर बहुधा विंडोजच्या सिस्टिम फोल्डरमधून सुरू करतो. स्क्रिप्टच्या शेजारची फाइल हवी असेल तर 'फाइल' या खास चलातून स्क्रिप्टचा स्वतःचा पाथ घेऊन त्याच्या पॅरेंटपासून जोडा. नेटवर्कवरचा ड्राइव्ह एखाद्या अक्षरानं जोडलेला असेल तर तेही अक्षर फक्त तुमच्या लॉगिनला दिसतं, दुसऱ्या खात्यातून चालणाऱ्या कामाला नाही.

दोन. उद्या तुम्ही शेतकऱ्यांना मोबाइलवरून कागद पाठवायची सोय कराल, ती वेळ येणारच. तेव्हा फाइलचं नाव बाहेरचा माणूस ठरवेल. कोणी दोन टिंब आणि स्लॅश असं चार वेळा लिहून तुमच्या फोल्डरच्या बाहेर जाऊ शकतो. जोडून झालेला पाथ रिझॉल्व्ह करा, म्हणजे त्यातली दोन टिंबं सोडवून खरा पूर्ण पाथ काढा, आणि मग तो मूळ फोल्डरच्या आत आहे का बघा. हे बघताना 'अमुक अक्षरांनी सुरू होतो का' असं स्ट्रिंगवर तपासू नका. 'डी:\रावेर' ने 'डी:\रावेर_जुने' सुद्धा सुरू होतं. पाथलिबमध्ये ३.९ पासून 'इज रिलेटिव्ह टू' आहे, ते तुकडे तुकडे जुळवतं. मात्र ते नुसता मजकूर बघतं, म्हणून रिझॉल्व्ह आधी.

सुकीकाठ (बुधवार, रात्री १०:४०)

मंडळी, झालं.

साडेचारशेच्या साडेचारशे शेतकऱ्यांचे पाचही कागद जागेवर. या वेळी फोल्डर मोजले नाहीत. यादीतली प्रत्येक ओळ घेऊन तिच्या पाच फाइली आहेत का आणि मूळ स्कॅनशी आकार जुळतो का, असं मोजलं. तुकडा तपासणाऱ्या फंक्शननं ६१ ओळी परत पाठवल्या. काकांनी '/२' च्या जागी पूर्ण गट नंबर भरले. त्यातल्या दोन ओळींत वरचा गट नंबर कुठला हे त्यांनाही सांगता येईना, कारण मधली ओळ कोणीतरी खोडली होती. आज सकाळी त्या दोन शेतकऱ्यांच्या घरी जाऊन सातबारा बघून आलो. एकाचा गट १४०/२ निघाला आणि दुसऱ्याचा १४१/२. जुन्या स्क्रिप्टनं दोघांनाही 'डी:/२' मध्ये टाकलं होतं.

अरुणावती ताई, 'ऱ्या' चा प्रकार आमच्याकडेही निघाला, आडनावांत. सात ठिकाणी.

अरुणावती (बुधवार, रात्री १०:५२)

ते तुकडा तपासायचं फंक्शन इथे टाकाल का? आमच्याकडे शिरपूर आणि शिंदखेड्याच्या याद्या बाकी आहेत.

सुकीकाठ (बुधवार, रात्री १०:५५)

नक्की. उद्या कागद पोहोचवून आलो की संध्याकाळी टाकतो. जोडीला काकांच्या वहीतल्यासारख्या वीस खोट्या ओळीही देतो, '/२', '५/३', 'रावेर ता.' सगळं त्यात आहे. आधी त्यांच्यावर चालवून बघा.